वाचकांचे प्रश्न : हवाई अंतर ठरलेले, मग उड्डाणाची वेळ वेगवेगळी का?

जळगावहून प्रवासी विमाने उडू लागल्यापासून आणि खान्देशातील मुलेमुली शिक्षण-नोकरीसाठी हैदराबादपासून अमेरिकेपर्यंत पोहोचल्यापासून, दोन शहरांमधील हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ यांविषयीची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. मोबाईलवर अंतराचा आणि वेळेचा आकडा शेजारी शेजारी झळकतो, म्हणून दोन्ही सारखेच पक्के असावेत असा समज होतो. वास्तविक अंतराचा आकडा भूमितीतून येतो आणि तो कोणालाही पडताळून पाहता येतो. वेळेचा आकडा मात्र एका सरासरी वेगाने केलेला अंदाज असतो. या अंकात त्यांपैकी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालो आहे. जळगाव ते मुंबई लोहमार्गाने ४२० किलोमीटर, हे मला पाठ आहे. मोबाईलवर हवाई अंतर ३५५ किलोमीटर आणि उड्डाणाचा वेळ साधारण ४५ मिनिटे दाखवतात. विमान कंपनीच्या वेळापत्रकात मात्र एक तासाहून अधिक वेळ दिलेला असतो. मधले ६५ किलोमीटर आणि मधली मिनिटे कुठे जातात? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : आधी अंतराचे पाहू, कारण ते आपण स्वतः कागदावर पडताळू शकता. जळगाव विमानतळ सुमारे २०.९६ उत्तर अक्षांश आणि ७५.६३ पूर्व रेखांश येथे आहे. मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व येथे. अक्षांशांतील फरक १.८७ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर अंतर सुमारे २०८ किलोमीटर भरते. रेखांशांतील फरक २.७६ अंशांचा, परंतु रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जात असल्याने आपल्या भागात रेखांशाचा एक अंश १११ नव्हे, तर साधारण १०४.५ किलोमीटरचा होतो, म्हणून पूर्वपश्चिम अंतर सुमारे २८८ किलोमीटर येते. आता शाळेत शिकलेले पायथागोरसचे प्रमेय लावा. २०८ आणि २८८ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ३५५ हा आकडा मिळतो. इतक्या लहान अंतरासाठी पृथ्वीची वक्रता लक्षात न घेताही उत्तर बरोबर येते, आणि मोबाईलवरील आकडा विश्वासार्ह आहे याची खात्री पटते.

लोहमार्गाला हे सरळपण परवडत नाही. आपली गाडी पाचोरा, चाळीसगाव करत मनमाडला येते, तेथून नाशिकमार्गे इगतपुरीला पोहोचते आणि थळ घाट उतरून कसारा-कल्याणला लागते. सह्याद्री जेथे उतरू देतो तेथेच रुळांना उतरावे लागते, आणि ते ६५ किलोमीटर या वळणात जातात. याउलट जळगाव ते उधना हा तापी खोऱ्यातील मार्ग पाहावा. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असा जाणारा हा मार्ग सुमारे ३०७ किलोमीटरचा आहे आणि त्याच दोन टोकांमधील हवाई अंतर २८० किलोमीटरच्या थोडे वर भरते. नदीने सपाट खोरे करून ठेवले असल्यामुळे येथे रूळ आणि सरळ रेषा यांत फारसा फरक उरत नाही. जळगाव–इंदूरचे उदाहरण या दोन्हींपेक्षा बोलके आहे. हवाई अंतर १९० किलोमीटरांच्या आसपास असूनही बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून जाणारा रस्ता अडीचशे किलोमीटरांहून अधिक होतो, कारण मध्ये सातपुडा आडवा आहे आणि त्यापुढे नर्मदा. म्हणून ‘रस्त्याच्या अंतरातून अमुक टक्के वजा केले की हवाई अंतर मिळते’ असा जो ठोकताळा सांगितला जातो, तो खान्देशात तरी वापरू नये.

आता वेळेविषयी. जळगावला येणारी एटीआर ७२ जातीची विमाने पंख्यांवर चालणारी असून ती सरळ उड्डाणात ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेग गाठतात. ३५५ भागिले ५०० केले की ४३ मिनिटे येतात, आणि संकेतस्थळे थांबतात ती जवळपास येथेच. परंतु विमान हा वेग उड्डाणाच्या केवळ मधल्या टप्प्यात राखते. उंची गाठताना वेग कमी असतो, उतरताना तो टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो, आणि धावपट्टीच्या दिशेशी जुळवून घेण्यासाठी काही किलोमीटर वळसाही पडतो. मुंबईत याखेरीज आणखी एक कारण आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. एवढ्या गर्दीच्या विमानतळावर एकाच धावपट्टीवरून विमाने उतरवायची आणि उडवायची म्हटल्यावर येणाऱ्या विमानाला आकाशात घिरट्या घालत थांबावे लागणे नवलाचे नाही.

विमान कंपनी जो वेळ छापते त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे निघाल्यापासून मुक्कामी विमान पुन्हा उभे राहीपर्यंतचा हा वेळ असतो, म्हणजे जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळही त्यात धरलेला असतो. शिवाय उशीर भरून निघावा म्हणून काही मिनिटे त्यात मुद्दाम वाढवलेली असतात. रेल्वेच्या वेळापत्रकातील ‘रिकव्हरी टाइम’ आपल्या चांगल्या परिचयाचा असेल. शेवटच्या स्थानकाआधीच्या टप्प्याला जास्त मिनिटे का दिलेली असतात हे आपल्याला सांगायला नको. हवाई वेळापत्रकातही हेच केले जाते, आणि म्हणूनच कधी कधी उशिरा निघालेले विमान वेळेवर पोहोचते.

आपण विचारले नसले तरी एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. भुसावळहून जळगाव विमानतळापर्यंतचा प्रवास, उड्डाणाच्या किमान तासभर आधी तेथे हजर राहणे आणि मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन इच्छित ठिकाणी पोहोचणे हे सर्व धरले, तर तासाभराच्या उड्डाणाचे सहज चार-पाच तास होतात. ज्यांचे काम दादर-भायखळ्याकडे आहे आणि ज्यांना रात्रीच्या गाडीत झोप लागते, त्यांच्यासाठी रेल्वे आजही चांगली आहे असे माझे मत आहे. हैदराबादची गोष्ट मात्र वेगळी. हवाई अंतर सुमारे ५१० किलोमीटर असले तरी तेथे रेल्वेने जाताना मनमाड-नांदेडचा किंवा वर्ध्याकडचा मोठा वळसा पडतो. अशा मार्गावर विमानाने खरोखरच दिवस वाचतो. सेवेचे वार आणि वेळा बदलत असल्याने तेवढी चौकशी आधी कंपनीकडे करावी.

प्रश्न : एका संकेतस्थळावर नंदुरबार ते मुंबई ‘उड्डाणाचा वेळ’ पाऊण तासाच्या आसपास दाखवला आहे. आमच्याकडे विमान येत नसताना हा वेळ कसा काढला? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : अशा संकेतस्थळांना विमानतळ आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसते. ती गावाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घेतात, दोन बिंदूंमधील अंतर काढतात (नंदुरबार–मुंबईसाठी ते सुमारे २९० किलोमीटर येते), त्याला एका ठरावीक वेगाने भागतात आणि चढ-उताराची काही मिनिटे मिळवतात. तोरणमाळ ते अक्कलकुवा विचारले तरी उत्तर मिळेल. अंतर म्हणून तो आकडा खरा आहे. वेळ म्हणून त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला विमानच गाठायचे असेल, तर तापी खोऱ्याच्या मार्गाने सुरत सोयीचे पडते आणि तेथून उड्डाणेही अधिक आहेत.

प्रश्न : मुलाकडे न्यूयॉर्कला जाताना समोरच्या पडद्यावर पाहिले, तर विमान मुंबईहून पश्चिमेकडे जाण्याऐवजी उत्तरेकडे चढत गेले आणि मग मोठी कमान करून खाली आले. नकाशात अमेरिका सरळ डावीकडे दिसते. मग हा वळसा कशासाठी? माझ्या मुलाने ‘हाच सरळ रस्ता आहे’ असे सांगितले, पण ते माझ्या मनाला पटले नाही. (एक वाचक भगिनी, चोपडा)

उत्तर : ताई, मुलाचे म्हणणे बरोबर आहे, आणि आपले न पटणेही रास्त आहे, कारण दोष नकाशाचा आहे. भिंतीवरचा जगाचा नकाशा म्हणजे गोल पृथ्वी ओढूनताणून सपाट कागदावर बसवलेली असते. तसे करताना विषुववृत्तापासून दूरचे प्रदेश प्रमाणाबाहेर रुंदावतात, म्हणून रशिया, ग्रीनलंड, कॅनडा हे आहेत त्याहून पुष्कळ मोठे दिसतात आणि त्यांच्यावरून जाणारा मार्ग लांबचा भासतो.

घरात नातवंडांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा ताणा. तो आपोआप उत्तरेकडे सरकेल आणि रशियाच्या पश्चिम भागावरून, पुढे जवळपास ६५ अंश अक्षांशापर्यंत चढून, पलीकडे उतरेल. ताणलेला दोरा नेहमी सर्वांत आखूड मार्ग धरतो. गोलाच्या पृष्ठभागावरील अशा मार्गाला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तो एक तुकडा असतो. या मार्गाने मुंबई–न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर भरते. नकाशावर पट्टी ठेवून आखलेल्या रेषेवरून, म्हणजे होकायंत्राची दिशा न बदलता विमान गेले असते, तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर कापावे लागले असते. साडेसोळाशेहून अधिक किलोमीटरांची ही बचत म्हणजे जवळपास दोन तासांचे उड्डाण आणि त्याचे इंधन.

प्रत्यक्ष उड्डाण या रेषेवरूनच होईल असे मात्र नाही. कोणत्या देशाने आपले आकाश कोणासाठी खुले ठेवले आहे, यावर मार्ग अवलंबून असतो. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे हवाई क्षेत्र बंद होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ते भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंद केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशिया आणि पाश्चात्त्य देश यांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. अशा वेळी विमान अरबी समुद्रावरून किंवा अन्य देशांवरून वळून जाते आणि प्रवासाचा वेळ वाढतो. शहरांमधील अंतर तेवढेच राहते. कापलेले अंतर वाढते. आपण गेलात त्या दिवशीचा मार्ग आणि आपल्या शेजाऱ्यांनी दुसऱ्या वर्षी पाहिलेला मार्ग वेगळा असण्याचे कारण बहुधा हेच असते.

प्रश्न : मुंबईहून कोलकात्याला जाताना विमानाला कमी वेळ लागतो आणि परत येताना जास्त. अंतर तेच, विमानाची जात तीच. वर्गात विद्यार्थ्यांनी विचारले तेव्हा मी वाऱ्याचे कारण सांगितले. पण जाताना वाचलेला वेळ येताना गेला, म्हणजे एकूण हिशेब सारखाच राहतो का? (एक शिक्षक, अमळनेर)

उत्तर : कारण आपण अचूक सांगितले आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी पुढचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. एकूण हिशेब सारखा राहत नाही. वारा वाहत असेल तर जाण्या-येण्याचा मिळून वेळ नेहमी वाढतोच.

फळ्यावर मांडता येईल असे गणित देतो. मुंबई–कोलकाता हवाई अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे. जेट विमानाचा हवेतील वेग ताशी ८५० किलोमीटर धरू आणि पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटरचा वारा वाहतो असे मानू. जाताना वारा पाठीशी, म्हणून जमिनीच्या संदर्भात वेग ९५० आणि वेळ सुमारे १ तास ४५ मिनिटे. परतताना वारा समोरून, म्हणून वेग ७५० आणि वेळ सुमारे २ तास १३ मिनिटे. फरक २८ मिनिटांचा. वारा मुळीच नसता तर प्रत्येक खेपेला सुमारे १ तास ५७ मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना १२ मिनिटे वाचली आणि येताना १६ मिनिटे अधिक गेली. विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ घालवते, पाठच्या वाऱ्यात कमी. म्हणून तोटा नफ्याहून मोठा ठरतो. यात जमिनीवरचा आणि चढ-उताराचा वेळ धरलेला नाही, त्यामुळे वेळापत्रकातील आकडे याहून मोठे दिसतील. सरासरी वेग काढताना दोन वेगांची बेरीज करून दोनने भागणे चुकीचे का, हेही विद्यार्थ्यांना याच उदाहरणावरून समजावता येईल.

हा वारा सर्व ऋतूंत सारखा नसतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्यांचा पट्टा असतो. त्याला उपोष्ण जेट प्रवाह म्हणतात. पावसाळ्यात हा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर अधिक उंचीवर पूर्वेकडून वाहणारे जेट वारे येतात. हे संक्रमण मान्सूनच्या आगमनाशी निगडित असल्याने हवामानशास्त्रज्ञ त्याकडे लक्ष ठेवून असतात. म्हणून जानेवारीतील आणि जुलैतील उड्डाणाचा वेळ एकाच मार्गावर वेगळा येऊ शकतो. जळगावच्या एटीआर विमानांना त्या उंचीवर जावेच लागत नाही, परंतु त्यांचा मूळ वेग कमी असल्याने साधा वाराही त्यांना जाणवतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला तर जळगाव–मुंबईच्या सरळ टप्प्याला ४७ मिनिटे लागतील, पाठीशी असला तर ३९.

वाऱ्याचे महत्त्व किती, याचे एक भारतीय उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटरांनी लांब होता. तरीही वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर पोहोचले. लांबचा मार्ग लवकर संपला. अंतरावरून वेळ काढणाऱ्या कोणत्याही सूत्रात हे बसत नाही, आणि म्हणूनच मला हे उदाहरण अतिशय आवडते.

प्रश्न : तिकिटावर मुंबईहून सकाळी १० वाजता निघून दुबईला ११.४० वाजता पोहोचणार असे आहे. एवढे अंतर पावणेदोन तासांत कसे कापले जाईल? (एक वाचक, शहादा)

उत्तर : तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाची असते. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, म्हणून प्रवासाचा खरा वेळ ३ तास १० मिनिटे. सुमारे १,९३० किलोमीटरांसाठी तो योग्य आहे. याच रीतीने न्यूयॉर्कचा हिशेब करताना एक काळजी घ्यावी. तेथील घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास. मुंबईहून रात्री १.३० वाजता निघालेले विमान सोळा तासांनी पोहोचत असेल, तर जानेवारीत तेथे सकाळचे ७ वाजलेले असतील आणि जुलैत ८. मुलांना विमानतळावर घ्यायला बोलावताना हा एक तास चुकतो आणि घरोघरी काळजीचे कारण होतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग हेलिकॉप्टर जळगाववर नुसते स्थिर ठेवले, तर काही वेळाने खालून मुंबई का येत नाही? आणि विमान इतके उंच जाते, त्यामुळे अंतर वाढत नाही का? (इयत्ता नववीचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : पहिला प्रश्न तू विचारलास हे फार चांगले झाले. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात आहे. परंतु जमिनीबरोबर हवाही त्याच वेगाने फिरते आणि हेलिकॉप्टर उडण्यापूर्वीच त्या वेगाने चाललेले असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात नाणे वर उडवले तर ते तुझ्या हातातच परत पडते, मागच्या बाकावर जात नाही. त्याचे कारणही हेच. हेलिकॉप्टर ज्याला ‘स्थिर’ म्हणते ते हवेच्या संदर्भात स्थिर असते, म्हणून खाली जळगावच राहते. विमानाला उपयोग किंवा अडथळा होतो तो या फिरण्याचा नाही, तर हवा जमिनीच्या मानाने पुढे-मागे सरकते त्याचा, म्हणजे वाऱ्याचा. अर्थात ते जेट वारे पूर्वेकडे वळतात यामागे पृथ्वीचे फिरणे आहे. ते कसे, हे तुला अकरावी-बारावीच्या भूगोलात भेटेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, वाढते, पण अगदी थोडे’ असे आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. विमान साडेदहा किलोमीटर उंचीवरून गेले, तर त्याच्या मार्गाची त्रिज्या तेवढी वाढते आणि अंतरही त्याच प्रमाणात, म्हणजे सहाशेव्या भागाच्या आसपास वाढते. मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर धरले, तर ही वाढ १.९ किलोमीटर होते. वर जाताना आणि खाली येताना विमान तिरके चालते. प्रत्येकी दोनशे किलोमीटरांचा टप्पा धरून पायथागोरस लावलास तर दोन्हींचे मिळून आणखी अर्धा किलोमीटर येईल. बेरीज अडीच किलोमीटरांच्या आत राहते, आणि जेट विमान तेवढे अंतर दहा-अकरा सेकंदांत कापते.